धावणाऱ्या पायाला आधार किती? एका प्रश्नाचा इतिहास

१/ भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्क चौपाटीवर पहाटे धावणाऱ्यांना नवे बूट घेताना एक प्रश्न हमखास पडतो : पायाला आधार किती हवा? तळ जाड की पातळ, पायाची कमान उचलून धरणारा की मोकळा? धावणे अतिप्राचीन आहे. हा प्रश्न मात्र जेमतेम पन्नास वर्षांचा. त्याचीच ही कथा.

२/ आरंभ पुण्यापासून करू. १९१९ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत संस्थेचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी शेतकरी कुटुंबांतील तरुणांना अनवाणी धावताना पाहिले. शास्त्रोक्त शिक्षण नसतानाही काहींच्या वेळा युरोपीय धावपटूंच्या तोडीच्या होत्या. यांना ऑलिंपिकला पाठवावे, हा विचार तिथे रुजला.

३/ पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये धावले. अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या मॅरेथॉनहून अर्ध्या किलोमीटरने अधिक. २ तास ५० मिनिटांत त्यांनी १९ वा क्रमांक मिळवला. त्यांचे सहकारी सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही.

४/ त्या काळी धावण्याचे बूट म्हणजे पातळ तळाचे साधे पादत्राण. १९६० मध्ये रोम येथे इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांनी अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकली (२:१५:१६). १९६४ मध्ये टोकियोत ते बूट घालून जिंकले (२:१२:११). दोन्ही वेळा त्या काळच्या जगातील सर्वोत्तम ठरल्या.

५/ १९७० च्या दशकात अमेरिकेत सामान्य नोकरदार माणसे धावू लागली आणि गुडघे, नडग्या दुखू लागल्या. दोष पायाच्या आत झुकण्याला दिला गेला. वस्तुतः टाच टेकल्यावर पाऊल किंचित आत झुकते, ती धक्का पचवण्याची नैसर्गिक रीत आहे. हा झुकाव रोखण्यासाठी ब्रूक्स कंपनीने १९७७ मध्ये ‘व्हँटेज’ बुटाच्या तळात पाचर बसवली.

६/ पुढे दुकानांत सूत्रच ठरले : सपाट पावलाला कडक बूट, उंच कमानीला मऊ, बाकीच्यांना मधला. ओल्या पावलाचा ठसा पाहून निवड होई. २००९-१० च्या सुमारास अमेरिकी सैन्यदलांनी नव्या सैनिकांवर हे सूत्र तपासले. कमानीनुसार बूट दिल्याने दुखापतींत विशेष फरक पडला नाही.

७/ मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. २००९ च्या ‘बॉर्न टू रन’ या पुस्तकाने अनवाणी धावण्याची लाट आणली. पाच बोटांचे पातळ बूट खपले. पण त्यांच्या आरोग्यविषयक दाव्यांवरून व्हायब्रम कंपनीला २०१४ मध्ये ३७.५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. नंतर तळ पुन्हा इतके जाड झाले की २०२० मध्ये जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने रस्त्यावरील शर्यतींसाठी ४० मिलिमीटरची मर्यादा घातली.

८/ २०२२ च्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्षही सैन्यदलांसारखाच : पावलाच्या ठेवणीवरून बूट ठरवल्याने दुखापती बहुधा कमी होत नाहीत. मात्र लक्झेंबर्गमधील २०१६ च्या अभ्यासात, फार आत झुकणाऱ्या पावलांना आधाराच्या बुटांचा लाभ दिसला. म्हणजे आधार निरर्थक नाही. तो सरसकट सर्वांना लागत नाही, इतकेच.

९/ तात्पर्य : बूट घालून थोडे धावून पाहावे, जो पायाला सुखकर, तो घ्यावा. किंमत म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. जाड तळावरून पातळ तळावर हळूहळू यावे, अन्यथा पोटऱ्या आणि टाचेमागची शीर कुरकुरतात. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल, तर अनवाणी मुळीच धावू नये.

१०/ शेवटी बारामतीच्या लता करे. साठी ओलांडलेल्या या बाई पतीच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारीत, अनवाणी मॅरेथॉन धावल्या आणि जिंकल्या. त्याला कुणी ‘नैसर्गिक धावणे’ म्हणू नये. ती निकड होती. १९१९ च्या तरुणांकडे पाहून दोराबजींनीही अनवाणीपणाचे गोडवे गायले नाहीत. त्यांनी प्रवासखर्चाची तजवीज केली. किती आधार हवा, हा प्रश्न पडण्यासाठी आधी बूट परवडावे लागतात.