‘इझम’ आणि ‘वाद’

मिठबावचा तो मिठबावकर, शिरोड्याचा तो शिरोडकर. ‘-कर’ हा प्रत्यय माणसाचे गाव सांगतो, मत सांगत नाही. मत सांगण्याचे काम मराठीत ‘वाद’ या पदाकडे आहे आणि आधुनिक समीक्षेने युरोपीय ‘इझम’चा जवळजवळ सारा भार त्याच्यावरच टाकला.

ग्रीक ‘-इस्मॉस’ मुळात मतवाचक नव्हता. ‘हेलेनिझेइन’ म्हणजे ग्रीकांप्रमाणे बोलणे-वागणे; ‘हेलेनिस्मॉस’ हे त्या क्रियेचे नाम. वैयाकरणांच्या परिभाषेत ‘बार्बारिस्मॉस’ व ‘सोलोइकिस्मॉस’ ही तर भाषादोषांची नावे! पुढे धर्मनामांतून हा प्रत्यय लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी असा पसरला आणि एकोणिसाव्या शतकात वाङ्मयीन व राजकीय पंथनामांचे पेव फुटले. जुने अर्थ मात्र नाहीसे झाले नाहीत. सामान्य व्यवहारात मराठीने ते नेमके ओळखले: मॅग्नेटिझमचे चुंबकत्व झाले, जर्नलिझमची पत्रकारिता, ऱ्हुमॅटिझमचा संधिवात. साहित्यविचारात हा विवेक राहिला नाही. रिअ‍ॅलिझम ही लेखनरीतीही असू शकते. ‘वास्तववाद’ म्हणताच ती भूमिका होते.

याचे कारण ‘वाद’ या पदातच आहे. व्याकरणदृष्ट्या तो प्रत्यय नव्हे, ‘वद्’ धातूपासून आलेले समासाचे उत्तरपद आहे. मायावाद, स्याद्वाद या संज्ञांमागे खंडनमंडनाची परंपरा उभी असते. न्यायदर्शनाने तत्त्वनिर्णयासाठीचा वाद आणि जिंकण्यासाठीचा जल्प यांत भेद केला होता. मराठी वाङ्मयीन चर्चेत तो क्वचितच पाळला गेला.

१९२० ते १९३८ या काळात शिरोड्यास शिक्षक असलेले वि. स. खांडेकर आणि ना. सी. फडके यांच्या नावांभोवती ‘जीवनवाद’ व ‘कलावाद’ ही जोडी रूढ झाली. ‘कलेसाठी कला’ या मूळ फ्रेंच घोषणेत ‘-इस्म’ नाही. जीवनवादाला तर नेमका युरोपीय प्रतिशब्दही नाही. म्हणजे अनुवादासाठी घेतलेले पद आता स्वतःच पक्ष घडवू लागले होते. खांडेकरांची अलंकारप्रचुर, कल्पनाविलासी शैली यांपैकी कोणत्या पक्षात बसवावी, हा प्रश्न त्यामुळे बाजूलाच पडला.

भालचंद्र नेमाडे यांनी ‘देशीयता’ ही संज्ञा वापरली, तेव्हा ‘-ता’ या भाववाचक प्रत्ययाने वेगळी शक्यता खुली केली होती. देशीयता एखाद्या कृतीत कमी असेल, अधिक असेल. देशीवादी मात्र असावे तरी लागते किंवा नसावे तरी. चर्चेत टिकला तो ‘देशीवाद’. नेमाड्यांची २००९ची इंग्रजी पुस्तिकाही ‘नेटिव्हिझम’ याच नावाने निघाली, कंसात ‘देशीवाद’ घेऊन.