जखमेवर हळद दाबावी का? जंतू कुठे मरतात, कुठे मरत नाहीत

ऊसतोडीत कोयता लागला, खुरपताना बोट कापलं की घरातून पहिली हाक येते, "हळद दाब!" ही सवय अडाणीपणाची नाही. हळदीतलं कुरकुमीन हे पिवळं द्रव्य जंतूंची वाढ रोखतं, हे प्रयोगशाळेत अनेकदा दिसलं आहे. हळदीने जखम भरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. संस्थेने जुने दाखले पुढे ठेवून त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. त्यात ठरलं ते एवढंच, की हा वापर नवा शोध नाही. हळद लावली की दवाखाना नको, असं कुठेच ठरलेलं नाही.

प्रयोगशाळेत चपट्या बशीत जंतू वाढवतात आणि त्यावर अर्कात भिजवलेली कागदाची टिकली ठेवतात. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती जंतू नसलेलं स्वच्छ कडं दिसलं, तर अर्कात दम आहे असं समजायचं. कडुनिंब, तुळस, लवंग, लसूण या सगळ्यांची अशी कडी मिळालेली आहेत. पण तो अर्क बहुतेक वेळा अल्कोहोलसारख्या द्रवात काढलेला आणि चांगला घट्ट असतो. कुरकुमीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. घरीच बघा ना, पाण्यात टाकलेली हळद तळाला बसते, फोडणीच्या तेलाला मात्र लगेच रंग चढतो. म्हणजे ओल्या, रक्ताळलेल्या जखमेवर चिमूटभर पूड टाकली म्हणून बशीतल्याइतकं द्रव्य जंतूंपर्यंत पोचेलच असं नाही. हळदीचं दूध प्यायलं तरी रक्तात फार थोडं उतरतं.

दुसरी गोष्ट हळद पिकवणाऱ्यांना सांगायला नको. हळद शिजवतात, उघड्यावर पसरून वाळवतात, मग दळतात. धूळमाती लागतेच. मातीतले काही जंतू जाड कवच घेऊन निपचित पडून राहतात, ते उकळूनही मरतील याची खात्री नसते. धनुर्वाताचा जंतू याच जातीचा. खिळा, काटा, दाताळं घुसून झालेल्या खोल जखमेत हवा पोचत नाही आणि तिथेच तो वाढतो. वरून हळदीचा थर बसला तर घाण आत तशीच राहते, शिवाय जखम किती खोल आहे हे डॉक्टरांनाही दिसत नाही.

तेव्हा आधी स्वच्छ वाहतं पाणी आणि साबण. मग स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवायचं आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठून धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारायचं. कुत्रा चावला असेल तर १५ मिनिटं धुवायचं. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही, रेबीजची लस लगेच सुरू करायची. बाळाच्या नाळेवर हळद, राख, शेण लावण्याची रीत काही घरांत अजून आहे. ती सोडाच, नाळ कोरडी ठेवायची. शुगर असलेल्या माणसाच्या पायाची जखम दुखत नाही म्हणून लहान वाटते, तीही घरी लेप लावून ठेवू नये.

लसणात जंतू मारणारं अ‍ॅलिसिन कुडी ठेचल्यावरच तयार होतं आणि शिजवलं की बरंच जातं. कच्चा ठेचा कातडीवर बांधून ठेवला तर भाजल्यासारखे फोड येतात.

मधाचं मात्र खरंच वेगळं आहे. त्यात साखर भरपूर, पाणी कमी, आंबटपणाही असतो. त्यामुळे जंतूंना तिथे जगणं अवघड जातं. काही देशांत दवाखान्यांतल्या ड्रेसिंगसाठी मध वापरतात, पण तो गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. पोळ्यातून पिळून आणलेला मध तसा नसतो. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध चाटवूच नये. त्यातल्या निपचित जंतूंमुळे बाळाला बोटुलिझम होऊ शकतो, त्यात अंग लुळं पडतं आणि श्वासही अडकू शकतो.