आलेल्यांची मुले आणि गावची भाषा

पोटापाण्यासाठी परमुलखातून आलेले कुटुंब गावात बिऱ्हाड थाटते. बापाला बाजारापुरते मराठी चार महिन्यांत जमते. खरा प्रश्न उभा राहतो तो मूल शाळेत जाऊ लागले म्हणजे. आंजीला बसून हा प्रश्न दूरचा वाटेल; पण त्याच्या इतिहासातले एक पान आपल्या वर्ध्यातच लिहिले गेले आहे.

1937 च्या ऑक्टोबरात, 22 व 23 तारखांस, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे, असे तिने ठरविले. पुढे सेवाग्रामी हे कार्य वाहणारे आर्यनायकम् मूळचे सिलोनचे, तर आशादेवी बंगाली!

पण ज्याची मातृभाषा गावाची नाही, त्याचे काय? 1949 साली शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने हिशेब बांधला: शाळेत 40 किंवा वर्गात 10 मुले अन्यभाषी असली, तर त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यावा. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने 350-अ हे कलम घालून अल्पसंख्य भाषिकांच्या प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचा भार राज्यांवर टाकला. उलट बाजूने, 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातील शाळांत मराठी सक्तीचे केले. दोन्ही गोष्टी न्याय्यच. परंतु वर्गात नऊच मुले असली, तर त्यांनी कोणाकडे पाहावे?

आता आरसा फिरवून पाहू. 1948 नंतर कोकणातले बेने इस्राएल आपली मराठी घेऊन इस्राएलला गेले. तेथे परके ठरले ते आपले भाषाबंधू. त्या देशाने हिब्रूचा आग्रह धरला. पण नुसता आग्रह धरून तो थांबला नाही. 1949 साली जेरुसलेमात पहिले 'उल्पान' निघाले, आणि प्रौढ माणसे पाटीपेन्सिल घेतल्यासारखी काही महिने केवळ भाषा शिकू लागली. मुले शाळेत हिब्रूत वाढली. घरची मराठी मात्र शाळेने नव्हे, घरानेच राखली. त्या मंडळींनी तेथे 'मायबोली' नावाचे मराठी त्रैमासिकही चालविले.

यातून आम्ही एवढेच घेतो: भाषेची अट घालणाऱ्याने ती शिकविण्याची जबाबदारीही उचलावी, आणि नवी भाषा देताना मुलाच्या तोंडची जुनी हिरावून घेऊ नये. परदेशी गेलेल्या मराठी मुलासाठी आपण जे मागू, तेच आपल्या गावच्या शाळेत आलेल्या परप्रांतीय मुलाला देणे, ही न्यायाची सोपी कसोटी आहे.