तमाखूचा एक जुना उल्लेख व मुखाचा कर्करोग

वैद्यकाच्या पोथीचा काल ठरवितांना ‘तमाखु’ हा शब्द फार उपयोगी पडतो. ही वनस्पति मूळची अमेरिकेंतली. पोर्तुगीज इकडे येण्यापूर्वीं तिचें नांव आपल्या ग्रंथांत असणें संभवत नाहीं. परंतु कालनिर्णय झाला कीं संशोधकानें हा शब्द सोडून द्यावा, हें प्रस्तुत लेखकास पटत नाहीं. त्यांत एका रोगाचाहि इतिहास आहे.

अकबराच्या कामगिरीवर विजापुरास गेलेल्या असदबेगानें तेथें तमाखू पाहिली, व इ. स. १६०४-०५ च्या सुमारास ती रत्नजडित नळीसह बादशहापुढें ठेविली. प्रसंग त्यानें स्वतःच लिहून ठेविला आहे. बादशहानें धूर ओढतांच हकिमानें हरकत घेतली कीं, हें औषध अपरीक्षित आहे, आपल्या वैद्यांनीं याविषयीं कांहीं लिहिलेलें नाहीं. असदबेग म्हणाला, फिरंगी लोक कांहीं अजाण नव्हेत; शिवाय प्रत्येक चाल केव्हां तरी नवीच असते. बादशहास हें पटलें. त्यानें स्वतः ती संवय लावून घेतली नाहीं, पण सरदारांत ती पसरली. वादांत असदबेग जिंकला. हकिमाचा आक्षेप मात्र, पुरावा हातीं नसतांहि, योग्य होता.

पुढें योगरत्नाकरांत तमाखु दंतपीडा शमविणारा म्हणून आला. महाराष्ट्रांत मशेरीनें दांत घासणाऱ्या कित्येक बायकांची समजूत आजहि हीच आहे!

पुरावा यावयास तीन शतकांहून अधिक काळ लागला. इ. स. १९३३ त त्रावणकोरांतील विडा खाणाऱ्यांच्या मुखकर्करोगावर ऑर यांचा लेख निघाला. १९४१ त मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालें, तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर व सहकारी यांनीं १९४५ त रोगाची जागा व रोग्याची चाल यांचा मेळ घालून दाखविला. खैनी खालच्या ओठाच्या आंत धरणाऱ्यास रोग तेथेंच होतो. चुट्ट्याचें पेटतें टोक तोंडांत ठेवणाऱ्यास तो टाळूस होतो. पत्रावरील शिक्क्यावरून दफ्तर ओळखावें, तसाच हा प्रकार.

बरा न होणारा व्रण, पांढरा वा तांबडा चट्टा हीं चिन्हें नुसत्या डोळ्यांस दिसतात. तिरुवनंतपुरम जिल्ह्यांत १९९६ पासून १३ पंचायतींत प्रयोग झाला. त्यांपैकीं ७ पंचायतींत शिकविलेल्या सेवकांनीं घरोघर जाऊन लोकांचीं तोंडें तपासलीं. तमाखू वा मद्य सेवणाऱ्यांत या रोगाचे मृत्यु तेथें ३४ टक्क्यांनीं कमी झाले, असें २००५ त प्रसिद्ध झालें.

संग्राहकांस विनंति इतकीच कीं, जमाखर्चांत अथवा पोथींत तमाखूचा उल्लेख आढळल्यास ती ओढण्याची, चघळण्याची कीं दांतांस लावण्याची, व कोणासाठीं, हेंहि टिपून ठेवावें.