उपाध्यक्षपदाची उघड मागणी

लग्नासाठीं उतावळ्या झालेल्या माणसाविषयीं आपल्या भाषेंत एक मार्मिक वाक्प्रचार आहे. त्यानें गुडघ्याला बाशिंग बांधलें, असें आपण म्हणतों. बाशिंग कपाळीं बांधावयाचें, आणि तेंहि मुहूर्त ठरल्यावर. पण याला तेवढा धीर कोठला! सार्वजनिक पदांच्या बाबतींतहि आपला असाच संकेत आहे. पद आपणहून मागूं नये. लोकांनीं आग्रह करावा, आपण दोनदां नको म्हणावें, आणि मग सर्वांच्या इच्छेस मान देऊन तें स्वीकारावें. ही रीत आपल्याकडेच आहे असें मात्र नाहीं. निवडणुकीचे ढोलताशे वाजविणाऱ्या अमेरिकेंतहि एक पद असें होतें कीं, त्याची उघड मागणी करणें दीर्घकाळ अप्रशस्त मानलें जाई. तें पद म्हणजे उपाध्यक्षाचें. हा संकेत मोडणाऱ्या एका गृहस्थाची हकीकत मी आपणांस सांगणार आहें.

अमेरिकेची राज्यघटना १७८७ सालीं तयार झाली. मूळ योजनेप्रमाणें ज्यास सर्वांत अधिक मतें मिळतील तो अध्यक्ष, व ज्याचा क्रमांक दुसरा लागेल तो उपाध्यक्ष, अशी व्यवस्था होती. तिचें फळ १७९६ सालींच दिसलें. जॉन अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी टॉमस जेफर्सन उपाध्यक्ष! पुढें १८०० सालीं जेफर्सन व त्यांच्याच पक्षाचे एरन बर यांस प्रत्येकीं ७३ मतें पडलीं, आणि हा पेंच सोडविण्यास प्रतिनिधिगृहास ३६ वेळां मतदान घ्यावें लागलें. तेव्हां १८०४ सालीं घटनादुरुस्ती करून दोन्ही पदांसाठीं स्वतंत्र मतदान ठरविण्यांत आलें. उपाध्यक्षपदाचा उमेदवार हा अध्यक्षपदाच्या उमेदवाराचा प्रतिस्पर्धी न राहतां त्याचा जोडीदार झाला, तो असा.

या पदाला काम थोडें. सीनेटच्या बैठकींत अध्यक्षस्थानीं बसावयाचें, आणि मतें समसमान पडलीं तर आपलें मत द्यावयाचें, एवढेंच घटनेनें त्यास नेमून दिलें. मानवाच्या कल्पनेंतून याहून क्षुद्र पद निघालें नसेल, अशा अर्थाची तक्रार पहिले उपाध्यक्ष अ‍ॅडम्स यांनीं आपल्या पत्नीस लिहिलेल्या पत्रांत केली होती. परंतु या क्षुद्र पदाच्या पाठीशीं एक भयंकर शक्यता उभी असते. १८४१ पासून १९४५ पर्यंत सात उपाध्यक्ष केवळ अध्यक्षांच्या मृत्यूमुळें राष्ट्राचे प्रमुख झाले. हॅरी ट्रूमन यांस तर उपाध्यक्ष होऊन अवघे ८२ दिवस झाले होते. म्हणून या पदाची इच्छा धरणें म्हणजे दुसऱ्याच्या मरणाकडे डोळे लावून बसणें, असा कांहींसा वास त्या इच्छेस येई. संकोचाचें एक कारण हें. दुसरें कारण व्यवहाराचें. जोडीदार कोण असावा हें अध्यक्षपदाचा उमेदवार आणि पक्षांतले वजनदार पुढारी बंद दाराआड ठरवीत. उमेदवार उत्तरेचा असेल तर जोडीदार दक्षिणेचा, एक वृद्ध तर दुसरा तरुण, असा तो हिशेब असे. अशा सौद्यांत जो फार मागे, त्याचीच किंमत उतरे.

आतां आपल्या गृहस्थांकडे वळूं. ह्यूबर्ट हंफ्रे यांचा जन्म १९११ सालीं दक्षिण डाकोटा राज्यांत एका औषधविक्रेत्याच्या घरीं झाला. मंदीच्या दिवसांत विद्यापीठ सोडून त्यांनीं वडिलांच्या दुकानांत पुड्या बांधल्या. पुढें पुनः शिक्षण पुरें केलें, आणि १९४५ सालीं ते मिनिआपोलिस शहराचे महापौर निवडून आले. १९४८ सालीं फिलाडेल्फिया येथील डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनांत या ३७ वर्षांच्या महापौरानें कृष्णवर्णीयांच्या नागरिक हक्कांचा असा कांहीं पुरस्कार केला कीं, पुढाऱ्यांच्या इच्छेविरुद्ध तो ठराव संमत झाला आणि दक्षिणेकडील कित्येक प्रतिनिधि सभा सोडून चालते झाले. त्याच वर्षीं मिनेसोटा राज्यानें त्यांस सीनेटवर पाठविलें. वाणी अखंड, वृत्ति आनंदी, आणि महत्त्वाकांक्षा लपविण्याची कला मुळींच अवगत नाहीं, असा हा मनुष्य होता.

१९५६ सालची निवडणूक जवळ आली. अध्यक्ष आयझेनहॉवर यांस मागील सप्टेंबरांत हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, व जूनमध्यें त्यांच्यावर शस्त्रक्रियाहि झाली होती. त्यामुळें उपाध्यक्षपदाकडे लोकांचें लक्ष नेहमींपेक्षां अधिक होतें. डेमोक्रॅटिक पक्षातर्फें एडलाय स्टीव्हन्सन उभे राहणार हें दिसत होतें. त्यांच्याशीं झालेल्या बोलण्यावरून हंफ्रे यांची समजूत झाली कीं, आपली निवड जवळजवळ ठरलीच. त्यांनीं जुलैमध्यें वृत्तपत्रांसमोर येऊन, आपण उपाध्यक्षपदाचे उमेदवार आहों, असें उघड जाहीर केलें. बाशिंग गुडघ्याला बांधलें गेलें, आणि तेंहि भर चौकांत.

ऑगस्टमध्यें शिकागो येथें अधिवेशन भरलें. १६ तारखेस स्टीव्हन्सन यांची निवड झाली, आणि त्याच रात्रीं त्यांनीं एक अनपेक्षित घोषणा केली: आपला जोडीदार आपण निवडणार नाहीं, प्रतिनिधींनींच तो मुक्तपणें निवडावा. हंफ्रे यांस हा मोठाच धक्का होता. जी गोष्ट एका माणसाच्या मनावर अवलंबून होती, तिच्यासाठीं आतां शेंकडों प्रतिनिधींची मनें एका रात्रींत वळवावयाचीं होतीं. त्यांतून त्यांच्या स्वतःच्या मिनेसोटांतील बहुतेक प्रतिनिधि प्राथमिक निवडणुकींत टेनेसीचे सीनेटर एस्टेस कीफॉव्हर यांनीं आधींच जिंकलेले होते. घरचेंच अंगण हातचें गेलें होतें.

दुसऱ्या दिवशीं पहिल्या फेरींत हंफ्रे यांस १३४½ मतें मिळालीं आणि ते पांचव्या क्रमांकावर राहिले. खरी झुंज कीफॉव्हर व मॅसॅच्युसेट्सचे ३९ वर्षांचे सीनेटर जॉन केनेडी यांच्यांत झाली. दुसऱ्या फेरींत केनेडी इतके पुढें आले कीं, विजयास चाळीसांहूनहि थोडीं मतें उरलीं. आणि तेथेंच वारें फिरलें. टेनेसी, मिसूरी यांसारखीं राज्यें कीफॉव्हर यांच्याकडे गेलीं, व अखेरीस कीफॉव्हर ७५५½ आणि केनेडी ५८९ असा निकाल लागला. केनेडींनीं हंसतमुखानें व्यासपीठावर येऊन ही निवड एकमतानें व्हावी अशी सूचना मांडली, आणि त्या पराभवानेंच त्यांचें नांव देशभर झालें. नोव्हेंबरांत स्टीव्हन्सन व कीफॉव्हर ही जोडी सपशेल हरली. त्या पराजयाचा डाग केनेडींना लागला नाहीं. चार वर्षांनीं ते अध्यक्षच झाले, आणि प्राथमिक निवडणुकींत त्यांनीं ज्यांस मागें सारलें त्यांत हंफ्रे होते.

येथपर्यंतची गोष्ट फार तर एका उतावळ्या माणसाच्या फजितीची म्हणतां येईल. खरी परीक्षा पुढेंच होती. २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं केनेडी यांचा खून झाला, उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन अध्यक्ष झाले, आणि उपाध्यक्षाची जागा रिकामी राहिली. १९६४ च्या उन्हाळ्यांत ती कोणास मिळणार याची देशभर चर्चा चालू होती. हंफ्रे यांची इच्छा सर्वांस ठाऊक होती. त्यांनीं नागरिक हक्कांचें विधेयक सीनेटमधून मोठ्या चिकाटीनें पार पाडलें. १० जून रोजीं ७१ विरुद्ध २९ मतांनीं विरोधकांचें लांबलेलें वाग्युद्ध बंद पाडण्यांत आलें. एवढ्या कर्तबगारीनंतरहि निर्णय एकट्या जॉन्सन यांच्या हातीं होता, आणि तो शेवटपर्यंत मुठींत झांकून ठेवण्यांत त्यांस विलक्षण गोडी होती.

अधिवेशन अटलांटिक सिटी येथें भरावयाचें होतें. तेथें मिसिसिपी राज्यांतून दोन पथकें आलीं. एक केवळ गोऱ्यांचें, अधिकृत. दुसरें ‘फ्रीडम डेमोक्रॅटिक’ पक्षाचें, बहुतांशी कृष्णवर्णीयांचें. त्या राज्यांत मतदानास पात्र अशा कृष्णवर्णीयांपैकीं शेंकडा सातांचींहि नांवें धड यादींत नव्हतीं. फॅनी लू हेमर या शेतमजूर बाईंनीं समितीपुढें साक्ष दिली: मतदार म्हणून नांव नोंदविण्यास गेल्याबद्दल आपल्याला मळ्यावरून कसें हांकललें, आणि पुढें तुरुंगांत कशी मारहाण झाली. ती साक्ष दूरचित्रवाणीवर चालू असतांनाच जॉन्सन यांनीं घाईनें वार्ताहर बोलाविले, म्हणजे कॅमेरे तिकडे वळावे. दक्षिणेचीं मतें जातील ही त्यांस धास्ती होती. हा तंटा मिटविण्याचें काम त्यांनीं हंफ्रे यांवर सोंपविलें. आणि तें पार पाडण्यावर उपाध्यक्षपद अवलंबून आहे, हें न सांगतां सर्वांस समजलें.

सोळा वर्षांपूर्वीं ज्यानें याच प्रश्नावर सारी सभा हलविली होती, तोच आतां हेमरबाईंपुढें तडजोड घेऊन बसला: फ्रीडम पक्षाला दोन जागा, आणि पुढच्या अधिवेशनापासून वर्णभेद करणाऱ्या पथकांस बंदी. हेमरबाईंनीं त्यांस विचारलें, आपलें पद आपणांस मिसिसिपींतल्या लाखों कृष्णवर्णीयांच्या जीवांपेक्षां मोठें वाटतें काय? त्यांनीं स्वतःच पुढें ही भेट अशी सांगितली आहे. दोन जागांसाठीं आम्ही एवढ्या दूर आलों नाहीं, असें म्हणून त्यांच्या पक्षानें तडजोड नाकारली. २६ ऑगस्टला जॉन्सन यांनीं हंफ्रे यांस वॉशिंग्टनला बोलावून घेतलें. सोबत कनेक्टिकटचे सीनेटर डॉड यांसहि नेलें, म्हणजे तर्कवितर्क चालू राहावे. त्याच रात्रीं हंफ्रे यांचें नांव जाहीर झालें.

पद मिळालें, पण तें ज्याच्या कृपेनें मिळालें, त्याचें ऋण फिटेना. फेब्रुवारी १९६५ मध्यें हंफ्रे यांनीं अध्यक्षांस एक खासगी टिपण पाठवून व्हिएतनाममधील युद्ध वाढवूं नये असा सल्ला दिला. तो शहाणपणाचा सल्ला होता. उत्तरादाखल जॉन्सन यांनीं त्यांस त्या विषयाच्या मसलतींतून दूर ठेवलें. पुढें हंफ्रे त्याच युद्धाचे उघड समर्थक झाले. १९६८ सालीं जॉन्सन यांनीं निवडणुकींतून अंग काढलें, व शिकागोंतच, रस्त्यांवर पोलीस आणि तरुण यांच्या चकमकी चालू असतांना, हंफ्रे यांस अध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली. बाँबफेंक थांबवावी असें स्वतःच्या तोंडानें म्हणण्यास त्यांस ३० सप्टेंबर उजाडावा लागला. रिचर्ड निक्सन यांच्याकडून ते हरले, तेव्हां सात कोटींहून अधिक मतांत अंतर सुमारें पांच लाखांचें होतें.

तथापि एक गोष्ट नमूद केल्यावांचून ही हकीकत पुरी होत नाहीं. अटलांटिक सिटींतलें वचन फुकट गेलें नाहीं. १९६८ च्या त्याच अधिवेशनांत मिसिसिपीच्या जुन्या पथकास बाहेर ठेवून मिश्र पथकास जागा देण्यांत आली, आणि त्यांत फॅनी लू हेमर होत्या. सभेनें उभें राहून त्यांचें स्वागत केलें. हंफ्रे १९७१ सालीं सीनेटवर परत आले व १९७८ सालीं कर्करोगानें वारले.

तर मग चूक कोणती? पद उघडपणें मागितलें, ही खचित नव्हे. दोनदां नको म्हणून तिसऱ्यांदा झडप घालणाऱ्यापेक्षां, मला हवें, असें म्हणणारा अधिक प्रामाणिक. १९५६ सालीं हंफ्रे यांनीं हात पसरला तेव्हां लोक हंसले, पण त्यांचें कांहीं गेलें नाहीं. १९६४ सालीं मागणी तीच होती. मात्र देणारा एकच होता, आणि त्यानें मोबदला मागून घेतला. जें पद अनेकांच्या मतानें मिळतें, तें मागणाऱ्यास फार तर लाजवितें. जें एकाच्या मर्जीनें मिळतें, तें मागणाऱ्याची जीभ गहाण ठेवून घेतें. बाशिंग गुडघ्याला बांधलें कीं कपाळाला, याची चर्चा लोक करोत. तें बांधणारा हात कोणाचा आहे, हें मात्र ज्याचें त्यानें आधीं पाहून घ्यावें.