जुन्या चकमकी बंदुकीची ओळख

खंडेनवमीस शस्त्रे पूजेस मांडण्याची चाल आपल्या पुष्कळ घरांतून आहे. तलवारीशेजारी क्वचित एखादी ठासणीची बंदूकही असते. तिच्या कुळाची चौकशी मात्र सहसा होत नाही. बंदूक वडिलार्जित असो वा जुन्या बाजारातून आणलेली असो, तिची ओळख तिच्या अंगावरच कोरलेली असते. ती पुसली जाऊ नये, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

प्रथम जात ओळखावी. जळता तोडा धरणारा आकडा असेल, तर ती तोड्याची बंदूक. घोड्याच्या जबड्यात गार, समोर पोलादी पट्टी व तिच्याखाली रंजकाचा प्याला असेल, तर ती चकमकी. गार पोलादावर घासली की ठिणगी रंजकात पडते आणि कानातून अग्नी नळीतील दारूस पोचतो. विक्रेते अशा कोणत्याही बंदुकीस ‘रायफल’ म्हणतात. पण नळीत पेचदार खाचा असतील तरच ते नाव खरे. इंग्रजांच्या बेकर रायफलीत अशा ७ खाचा असत. साध्या शिपायाच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे.

मग नळी मोजावी. ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘इंडिया पॅटर्न’ बंदुकीची नळी ३९ इंचांची; त्यापूर्वीच्या इंग्रजी बंदुकांच्या नळ्या ४६ व ४२ इंचांच्या. कंपनीच्या जुन्या बंदुकांवर हृदयाच्या आकृतीत तिची आद्याक्षरे असत. १८०८ च्या सुमारास त्या जागी उभा सिंह आला. मात्र खूण नसली म्हणजे बंदूक खोटी, असे समजू नये. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी आग्र्यासही युरोपीय घडणीच्या बंदुका तयार होत होत्या.

या खुणांचे मोल नेपाळच्या उदाहरणाने कळते. काठमांडूच्या लगन सिलेखान्यातील हजारो जुनी शस्त्रे २००३ साली अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी विकत घेतली. त्यांत इंग्रजी घडणीच्या बंदुका होत्या, आणि कित्येकांच्या नळ्यांवर देवनागरी अक्षरे होती. घडण एकाची व वापर दुसऱ्याचा, हे त्या अक्षरांवरूनच समजते. नळी चकचकीत करण्याच्या हौसेने ती घासली, तर हा पुरावा कायमचा जातो.

म्हणून जीर्णोद्धारात संयम हवा. आरंभी नळीत गज घालून तो किती आत जातो ते पाहावे. कानापर्यंत पोचत नसेल, तर आत जुना बार असू शकतो. अशा वेळी बंदूक जाणकाराच्याच हाती द्यावी. गंजलेले पेच बळाने फिरवू नयेत. हलके तेल सोडून काही दिवस वाट पाहावी. गंज तेलाने व मऊ फडक्याने हळूहळू काढावा. चिंच, आम्ल, विटकरीची पूड व काचकागद यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. दस्त्याचे लाकूड तासू नये. धूळ पुसून मेणाचा पातळ हात द्यावा.

काम सुरू करण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. मापे, खुणा, बंदूक कोठून आली, कोणता पेच नवा बसविला, हे सर्व कागदावर लिहून तो कागद बंदुकीसोबत ठेवावा. बार काढण्याचा मोह तर धरूच नये. जुन्या लोखंडाचा भरवसा नसतो, आणि उडू शकणाऱ्या बंदुकीस कायद्याची बंधने लागू होतात. पुढच्या पिढीच्या हाती बंदूक जाईल तेव्हा तिची हकीकतही सोबत जावी, एवढीच आमची विनंती.