बोरघाटाची उष्णता आणि रबराचे एक कडे

कर्जत आणि खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. खंडाळ्याहून खालापूर तालुक्यातील खोपोलीपर्यंत रस्ता सुमारे ५०० मीटर खाली उतरतो. १००० किलोग्रॅमची मोटार एवढी उतरली की सुमारे ४९ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते. १६ लिटर पाणी उकळीला आणण्यास ती पुरेल. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी नळांतून खाली आणून खोपोलीला १९१५ पासून वीज निर्माण होते, ती याच उंचीच्या जोरावर. मोटारीत मात्र इंजिन अडवील तेवढा भाग सोडला तर ही ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता बनते. ती घालवायची कशी?

प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या मोटारींना चारही चाकांना ड्रमब्रेक असत. ड्रम बंदिस्त असल्याने उष्णता आत कोंडते. शिवाय तापलेला ड्रम प्रसरण पावून ब्रेकच्या पट्ट्यांपासून दूर जातो. म्हणजे लांब उतारावर, नेमका गरजेच्या वेळी, ब्रेक दुबळा होतो.

चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरण्याच्या कल्पनेचे पेटंट इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये घेतले. त्याचे तांब्याचे अस्तर मात्र कर्कश आवाज करी. १९५३ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत डिस्कब्रेक लावलेल्या जॅग्वारने जिंकली. १९५५ च्या सिट्रोएन डीएसमध्ये पुढच्या चाकांना डिस्कब्रेक आले. या चिमट्यालाच कॅलिपर म्हणतात.

एकदा घाट उतरल्यावर आमच्या गाडीचे पुढचे एक चाक चटका बसेल इतके तापले होते. खोपोलीच्या एका गॅरेजात कॅलिपर उघडला. पिस्टन गंजून अडकला होता. मिस्त्रींनी समोर लाकडाचा ठोकळा ठेवून हवेच्या दाबाने तो बाहेर काढला आणि खोबणीतले चौकोनी छेदाचे रबरी कडे आम्हाला दाखवले. हे सील द्रव अडवते, एवढेच आम्ही धरून चाललो होतो. पण ब्रेक दाबताना पिस्टनबरोबर ते किंचित पिळले जाते आणि पाय उचलताच पूर्ववत होताना पिस्टनला मागे ओढते. इथे वेगळी स्प्रिंग नसते! पिस्टन गंजला की कड्याचे बळ पुरत नाही, पॅड तबकडीला घासत राहतात आणि चाक तापते.

नवा पिस्टन आणि नवे सील बसवताना मिस्त्रींनी ग्रीस वापरले नाही, ब्रेक ऑईलच लावले. त्याला ऑईल म्हणतात खरे, पण ते खनिज तेल नव्हे. खनिज तेलाने हे रबर फुगते. ब्रेकचा द्रव हवेतील ओलावाही शोषतो. डॉट ३ प्रतीचा कोरा द्रव निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या द्रवासाठी ही मर्यादा १४० अंश सेल्सियस धरतात. द्रव उकळला की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जाते आणि ब्रेक लागत नाही. शेवटी नळीतील हवा काढून टाकली, तीही याच कारणासाठी.

पास्कलचा नियम शिकवताना पाण्याने भरलेल्या दोन सिरिंजा नळीने जोडा. नंतर एक हवेचा बुडबुडा आत सोडा आणि दांडा पुन्हा दाबायला सांगा. बोरघाटातला धोका विद्यार्थ्यांच्या हाताला कळेल.